पुठ्ठ्याचा गुडघा

६ जानेवारी

ताई,

पत्र लिहायचं रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. एकदा पेन नव्हतं. मग पेन मिळालं, तर ते उघडून आतली स्प्रिंग कशी बसते हे बघण्यात संध्याकाळ गेली. खरं कारण वेगळंच आहे. सांगण्यासारखं चांगलं काही घडत नव्हतं आणि वाईट सांगणं जिवावर येत होतं. तू बाकावर चढून तक्ता लावताना पडलीस, ऑपरेशन झालं, परगावच्या हाडांच्या दवाखान्यात पडून आहेस. तुझ्या चौथीच्या वर्गाचं मी काय करून ठेवलंय हे कळून तुझा गुडघा लवकर बरा होणार थोडाच. फोन करावा तर तुझं एकच, ‘फोनवर तू निसटतोस, कागदावर सापडतोस.’ घे, सापडलो.

तर ‘कोन’ शिकवायला घेतला. फळ्यावर दोन रेघा मारल्या, नावं सांगितली, मुलांनी माना डोलावल्या. म्हटलं, आता या खोलीत मला कोन दाखवा. सगळ्यांनी फळ्याकडे बोट केलं. म्हटलं, फळा सोडून. एक जण म्हणाला, “सर, कोन पुस्तकात असतो. आमच्या खोलीत नाही.” घोडं तिथंच पेंड खात होतं. मला बाहेर जाऊन पाणी प्यायचं होतं म्हणून मी दार ढकललं, ते अर्धं उघडून थांबलं, आणि मीच तिथं थांबलो. म्हटलं, हा बघा, इथं एक आहे. बिजागरीपाशी.

मग काय विचारतेस. कात्री, नळाची मूठ, भिंतीला टेकवलेली शिडी, सायकलचं स्टँड. मधल्या सुट्टीत शिपाईकाका खुर्चीत पेंगत होते, त्यांची मान आधी लघुकोनात वाकली आणि मग काटकोनात, तेव्हा वर्ग इतका हसला की ते दचकून उठले आणि त्यांनी घंटाच वाजवली. पाच मिनिटं आधी. त्याचा ठपका माझ्यावर.

पण एक भांडण सुटलेलं नाही. तुझी ती वाद घालणारी मुलगी, जिला सगळे वकील म्हणतात, तिचं म्हणणं असं की वर्गाचं दार मोठं, कपाटाचं दार छोटं, म्हणून दोन्ही अर्धी उघडली तरी वर्गाच्या दाराचा कोन मोठा. अर्धा वर्ग तिच्या बाजूने. खरं सांगू? मीही थोडा तिच्याच बाजूने होतो. शाळेत मी किती बसलो ते तुला माहीत आहे. काय सांगू मुलांना?

मोठ्या बाईंची अट तुला कळवायला त्यांनी मलाच सांगितलंय, म्हणजे बिळात हात घालायला मी. एक मार्चला तू स्वतःच्या पायांनी जिना चढून वर्गात आलीस तर वर्ग तुझा. चढायचं पण नीट, पूर्वीसारखं, एका पायरीला एक पाय. नाहीतर त्या कायमची दुसरी शिक्षिका नेमणार. म्हणाल्या, “मुलांच्या लोंढ्यात लंगडत चढणार, पुन्हा पडली तर जबाबदार कोण? मीच ना?” वर्ग खाली आणायचं मी सुचवून पाहिलं. खालच्या खोल्या बालवाडीच्या, ती चिल्लीपिल्ली वर चढवता येत नाहीत. त्यामुळे तो विषय तिथंच संपला.

तोवर मी आहे. पायाला भिंगरी असली तरी सध्या ती काढून खुंटीला लावलीय.

तुझा भोवरा


११ जानेवारी

प्रिय भोवऱ्या,

बाहेर जाऊन पाणी प्यायची इच्छा झाल्यामुळे का होईना, धडा बरा घेतलास. आम्ही बी.एड.ला वर्षभर शिकून जे शिकवतो ते तू तहान लागून शिकवलंस.

वकीलबाईंना सांग की दार किती लांब आहे त्याच्याशी कोनाला देणंघेणं नाही. ते किती फिरलं, एवढंच मोजायचं. सांगून पटणार नाही, तिला कुणाचंच सांगितलेलं पटत नाही. पुठ्ठ्याचा एक लांब आणि एक आखूड असे दोन कोन कापायला लाव आणि एकावर एक ठेवायला लाव. तिनं स्वतः ठेवून बघितलं की मग ती तेच तुला शिकवायला येईल.

आता माझं. इथं एक व्यायामवाली आहे. चेहरा गोड, हात लोखंडाचे. रोज सकाळी माझा पाय वाकवते आणि मी तिच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धारते. मग ती एक दोन दांड्यांचं मोजमाप गुडघ्याला लावते. एक दांडी मांडीवर, एक पोटरीवर. अगदी आपला कोनमापकच, फक्त मोठा. आज आकडा आला चाळीस. ती म्हणते, नीट एका पायरीला एक पाय टाकून जिना चढायचा तर नव्वदपर्यंत जायला हवं.

म्हणजे बघ, तुमच्या धड्याला मीच सापडले. मुलांना सांग, ताईचा गुडघा सध्या चाळीस अंश. मी आकडा कळवत जाईन, त्यांनी तेवढा कोन करून दाखवायचा. सरावही होईल आणि मलाही इथं पडल्या पडल्या वर्गात असल्यासारखं वाटेल.

एक मार्च लक्षात आहे. वीस वर्षांत तो वर्ग मी कुणाला दिला नाही, आताही देणार नाही.

ताई


१७ जानेवारी

ताई,

तुझी युक्ती लागू पडली. वकिलाने दोन्ही पुठ्ठे एकमेकांवर ठेवले, बराच वेळ बघितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, तुम्ही त्या दिवशी चुकीचं बोलत होतात.” मी चुकीचं बोलत होतो! बोलायला कुठं दिलं होतं मला?

तुझ्या गुडघ्याचं तर मुलांनी डोक्यावरच घेतलंय. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापल्या, एक मांडी, एक पोटरी. जोडायला खिळा ठोकला तर पट्ट्या घट्ट बसल्या, हलेचनात. मग मी माझ्या पेटीतला एक पितळी रिव्हेट दिला. तो बॅगा शिवणाऱ्या माणसाकडे मी काही दिवस होतो तेव्हाचा. तिथं एक मांजर होतं, ते फक्त चामड्यावर झोपायचं, कापडावर टाकलं तर उठून जायचं. असो. पट्ट्या आता मस्त फिरतात. खाली पाऊल चिकटवलंय, त्याला तुझी ती चपलेची पट्टी सुद्धा काढलीय. फळ्याशेजारी लटकवून कोनमापकाने चाळीस अंश लावून ठेवलं. त्याला नाव ‘ताईंचा गुडघा’. सकाळी आल्या आल्या आधी त्याला हात लावून मग जागेवर बसतात.

सगळी खूश आहेत. सोमवारी वर्ग झाडून पुसून काढला, खिडक्या धुतल्या. कुणी सांगितलं होतं म्हणून नाही. मीही विचारलं नाही, काम करणाऱ्याला का विचारा.

माझा तो फळांचा ट्रक चालवणारा मित्र येऊन गेला. असाच. चहा प्यायला.

भोवरा


२५ जानेवारी

प्रिय भोवऱ्या,

आज पंचावन्न. टाळ्या वाजवायला सांग. व्यायामवालीने मला चहात साखरेचा जास्तीचा चमचा दिला, मी तिला मनातले सगळे शिव्याशाप परत घेतल्याचं सांगितलं. ती म्हणाली, “मनातले होते तरी मला ऐकू येत होते.”

खिडक्या कशासाठी धुतल्या ते विचार. आपली मुलं कारणाशिवाय खिडक्या धुवत नाहीत, मी ओळखते ना त्यांना.

आणि तो ट्रकवाला असाच कधीपासून यायला लागला? मागच्या वेळी तो ‘असाच’ आला होता तेव्हा तू सात महिने गायब होतास आणि मग समुद्राकाठच्या कुठल्या गावाहून तुझं कार्ड आलं होतं, ‘मी बरा आहे, इथं जाळी विणतात.’ तुला जायचं असेल तर आधी सांग. ताकास तूर लागू न देता निघून जाऊ नकोस, एवढंच. मुलं आहेत.

ताई


३० जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. आकडा मुलांना सांगितला. त्यांनी लावला.

तू काळजी करू नकोस. जे होईल ते होईल. डॉक्टर लोक आपल्या परीनं करतच असतात. तू विश्रांती घे, उगाच आकड्यांच्या मागे लागू नकोस. इथं सगळं ठीक आहे.

भोवरा


५ फेब्रुवारी

भोवऱ्या,

हे पत्र तू लिहिलंस की कुणाच्या दहाव्याला गेला होतास तिथून पाठवलंस?

मी सत्तरवर आले. सत्तर. इथल्या बायका मला उठून बघायला येतात, शेजारच्या खाटेवरच्या आजी त्यांच्या मुलाला सांगतात, ‘हिच्यासारखं कर.’ आणि माझा भाऊ मला लिहितो, विश्रांती घे, जे होईल ते होईल. ना मांजर, ना शिपाईकाका, ना वकील. तुझं चार ओळींचं पत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. तू विषय सोडून भरकटत नाहीस तेव्हाच मला भीती वाटते.

मला कळलंय. तुझ्या मनात जायचं आहे आणि तोंडाने म्हणवत नाही. मग मी म्हणते, जा. तुला बांधून ठेवून मला वर्ग वाचवायचा नाही. मी मोठ्या बाईंना लिहिते की माझी वाट बघू नका, नेमा ज्यांना नेमायचं त्यांना.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

थांब. लिहू नकोस त्यांना. आधी माझं ऐक, मग हवं तर माझे कान उपट.

ट्रकवाल्याचं खरं आहे. तो दक्षिणेला चाललाय, सतरा तारखेला, शेजारची जागा मोकळी आहे. मी नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. पण माझं पत्र तसं का होतं त्याचं कारण ते नव्हे.

तू लिहिलंस चाळीस. आम्ही पुठ्ठ्याचा गुडघा चाळीसला लावला. मांडी आणि पोटरी जवळजवळ चिकटली, टाच पार मांडीखाली. मुलं म्हणाली, एवढा वाकतो, मग ताई तर उकिडव्या बसू शकतात. नव्वदपर्यंत पाहिजे ना? चाळीस तर नव्वदच्या केवढे आत आहेत. म्हणजे ताई आता सोमवारीच येणार. म्हणून त्या खिडक्या.

सोमवारी तू आली नाहीस. मग आलं पंचावन्न. पट्ट्या थोड्या उघडल्या. तू टाळ्या वाजवायला सांगितलं होतंस, मी वाचून दाखवलं, कुणीही वाजवल्या नाहीत. छोटीशी ती पुढच्या बाकावरची रडायला लागली. वकील म्हणाली, “ताईंचा पाय ताठ होत चाललाय आणि ताई आपल्याला बरं वाटावं म्हणून हसतायत.” मलाही तेच वाटलं, ताई. समोर पुठ्ठा उघडत होता ना. तू लपवतेयस तर मी कशाला उकरून काढू, म्हणून तसं लिहिलं. काल सत्तर लावलं. वकिलाने हिशोब केला, असंच चाललं तर एक मार्चच्या आधी तू नव्वदच्या पलीकडे जाशील आणि मग गुडघ्याची काठी होईल. कुणी आता सकाळी त्याला हात लावत नाही.

आम्हाला खरं काय ते सांग. वाईट असलं तरी चालेल.

भोवरा


१३ फेब्रुवारी

माझ्या भोवऱ्या,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की नर्स धावत आली. मग मी रडले, तेव्हा तिला काय करावं कळेना आणि ती तिथंच बसून राहिली.

चूक तुमची नाही. चूक माझी, मी शिकवते आणि मीच अर्धं सांगितलं. ऐक. मुलांनाही वाचून दाखव. डॉक्टर मोजतात ते पाय सरळ असतो तिथून. सरळ पाय म्हणजे त्यांच्या लेखी शून्य. तिथून पाय जेवढा वळला तेवढे अंश. तुम्ही मोजलात मांडी आणि पोटरी यांच्यामधला कोन. तुमच्या लेखी सरळ पाय म्हणजे एकशे ऐंशी. म्हणून माझे चाळीस म्हणजे तुमचे एकशे चाळीस. माझे सत्तर म्हणजे तुमचे एकशे दहा. आणि नव्वद कुठूनही मोजा, नव्वदच, म्हणून तर तुमचा माझा हिशोब तिथं जुळला आणि कुणालाच शंका आली नाही. कोन सांगताना कुठून मोजायला सुरुवात केली ते आधी सांगायचं असतं. फळ्यावर मी हे दरवर्षी सांगते.

तेव्हा माझा पाय सुधारतो आहे. काठी होत नाहीये. त्या पुढच्या बाकावरचीला आधी सांग.

आता दुसरं. मुलांनी खरं विचारलंय म्हणून खरं सांगते. मी तुला सत्तर कळवलं तेव्हाच तो आकडा अडकलेला होता. आजही सत्तर. व्यायामवाली म्हणते, पुढे जाईल, पण महिने लागतील. सावकाश, पायरीपायरीवर दोन्ही पाय टेकवत मी आजही चढू शकते, इथल्या जिन्यावर चढतेही. पण मोठ्या बाईंना तसं चालणार नाही आणि त्यांचंही अगदीच चुकत नाही. लोंढा असतो खरा.

तुझं पत्र यायच्या आधीच मी त्यांना लिहून टाकलं होतं. नेमा म्हणून. ते आता पोचलं असेल. रागात लिहिलं, पण लिहिलंय ते खोटं नाही. तू सतराला जा. मनापासून सांगते, टोमणा नाही. दोन महिने एका जागी राहिलास, आपल्या घराण्यात तुझ्या नावावर हा विक्रमच आहे.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

ट्रक गेला. मी जिन्यावर होतो. का ते सांगतो, पण क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो, नाहीतर मांजर येतं मध्ये.

तुझं पत्र वाचून दाखवलं. वकील फळ्यापाशी गेली, पुठ्ठ्याचा गुडघा एकशे दहाला लावला आणि म्हणाली, “नव्वद लागतात हे ठरवलं कुणी? आपण आपला जिना मोजलाच नाही.” झालं. सगळा वर्ग पुठ्ठा घेऊन जिन्यावर. आधी माझा पाय मोजायला घेतला. मी सवयीने दोन पायऱ्या एकदम टाकल्या, तो आकडा कुठल्या कुठं गेला. दुसऱ्यांदा सावकाश चढायला गेलो तरी वकिलाला पट्टी धरायला वेळ मिळेना. शेवटी ती म्हणाली, “आम्हाला मोठ्या माणसाचा गुडघा हवा. सरांचा नको, सर अजून मोठे झालेच नाहीत.”

आणि ती सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मी मागे धावलो. टेबलावर तुझ्या अक्षरातलं पाकीट उघडून ठेवलेलं होतं. बाई म्हणाल्या, मला वेळ नाही. वकील म्हणाली, पाचच मिनिटं. बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला सांगा. वकील म्हणाली, “दुसऱ्या शिक्षिका घाईत असतात. तुम्ही शाळेत सगळ्यांच्या आधी येता आणि शेवटी जाता, तुम्हाला घाई नसते.” बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तर त्या खाली जिन्यापाशी आल्या. ताई, आपण त्यांना जिना चढताना कधी पाहिलंय का? मी आठवून बघितलं, मी नाही. त्या नेहमी आपल्या आधीच वर असतात. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला, अंग बाजूला वळवलं, चांगला पाय वरच्या पायरीवर टाकला, आणि मग दुसरा पाय ओढून त्याच पायरीवर आणला. मग पुढची पायरी, परत तसंच. मुलं बाजूला पुठ्ठा धरून गुपचूप चढत होती. मागच्या पायाचा आकडा, सरळपासून मोजलेला, डॉक्टरांच्या पद्धतीचा, आला पासष्ट. दोनदा मोजला. तुझ्यापेक्षा पाच कमी.

वकील खालच्या पायरीवरून म्हणाली, “मोठ्या बाई, मग तुम्हाला वर कुणी घेतलं?”

उद्धटपणाने नाही विचारलं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खाली बालवाडीतलं कुणीतरी नाक ओढत होतं. बाई उरलेला जिना तसाच चढल्या, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेरून ट्रकचा हॉर्न वाजत होता, मग तो थांबला.

त्या मला काढून टाकतील असं वाटतंय. टाकू देत. तोवर चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे, आणि उद्या वर्तुळ सुरू करायचंय, त्यातलं मला शून्य येतं. लवकर लिही.

भोवरा


१९ फेब्रुवारी

भोवऱ्या,

तुझं पत्र आलं नाही, म्हणजे तू ट्रकमध्ये बसलास असं धरून हे घरच्या पत्त्यावर टाकते. कधीतरी परतशील तेव्हा वाच.

मी ठीक आहे. काल रात्रभर विचार केला आणि ठरवलं की रडत बसायचं नाही. घरी खालच्या खोलीत चार मुलांना शिकवेन. चौथीचीच. वकिलाच्या आईला विचारून बघेन, तिला कुणीतरी वाद घालायला लागणारच. माझी फक्त एकच इच्छा होती की वर्गात जाऊन त्या मुलांना स्वतः सांगावं, सरळ कुठून मोजायचं ते. आता नव्या बाई सांगतील. त्यांना नीट सांगता येवो.

मी हे व्हरांड्यात खुर्चीवर बसून लिहितेय. इथून दवाखान्याचा बाहेरचा जिना दिसतो, व्यायामवाली मला रोज त्याच्यावर चढवते. आत्ता कुणीतरी बाई चढतेय, कठडा दोन्ही हातांनी धरून, बाजूला वळून, एक पाय टाकून मग दुसरा त्याच पायरीवर ओढत. मला वाटलं, एखादी पेशंट असेल. अगदी माझ्यासारखीच चढतेय.

पेशंट नाही. मोठ्या बाई आहेत. बसचा प्रवास करून एकट्याच आल्यात, हातात नुसती पिशवी. त्या वर यायच्या थांबल्यात, मधल्याच पायरीवर, दम खात. व्यायामवालीला बाजूला हो म्हणाल्या आणि मला तिथूनच हाताने बोलावतायत, खाली ये, माझ्याबरोबर चढ म्हणून. पेन ठेवते.